ब्रेक कोणाच्या हाती द्यावेत?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकाच्या पानांवर आणि गावोगावच्या नाक्यांवर खड्डे, दरडी, घाटरस्ते आणि अपघात यांची चर्चा सुरू होते. रस्ता कोणी केला, कंत्राटदार कोण, सूचनाफलक कुठे नाहीत याविषयी वाचक पोटतिडकीने लिहितात आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या गाडीने आपण त्या रस्त्यावर जातो तिचे ब्रेक शेवटचे कोणी उघडले, उघडून काय पाहिले आणि परत काय बसवले, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. डिचोली तालुक्यातील एका खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरीची बहुतेक वर्षे वाहनांच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक हटकून एकच प्रश्न घेऊन येतात, की ब्रेक पॅड (चाक थांबवणाऱ्या घर्षणाच्या पट्ट्या) संपत आले आहेत, तर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी की गावातल्या गॅरेजमध्ये द्यावी? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास ती अवश्य करावी.

गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा अधिक घरांना लागू पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, मोटारगाडी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण देशभरात दहा टक्क्यांच्या आत असताना गोव्यात ते ४५ टक्क्यांच्या आसपास आढळले होते. टॅक्सी, बस, ट्रक यांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्रासाठी वाहतूक खात्यापुढे उभे राहावे लागते, परंतु खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर नूतनीकरण होईपर्यंत तिच्या ब्रेकची सरकारी तपासणी होत नाही. म्हणजे सव्वा तप आपल्या ब्रेकचा निरीक्षक आपण स्वतः असतो, आणि आपण ते काम ज्याच्यावर सोपवतो तो मेस्त्री असतो.

आता मूळ प्रश्न. कंपनी की गॅरेज ही मांडणीच मला पटत नाही, कारण 'ब्रेकचे काम' या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळी कामे येतात आणि त्या प्रत्येकाला लागणारी हत्यारे आणि माहिती वेगळी असते. पुढच्या चाकांचे पॅड बदलणे, मागच्या ड्रममधील (चाकासोबत फिरणाऱ्या डब्यातील) लायनर म्हणजे घर्षणाचे अस्तर बदलणे, ब्रेक ऑइल बदलून नळ्यांत अडकलेली हवा म्हणजे एअर काढणे, एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधील दोष शोधणे, बटणाने चालणाऱ्या पार्किंग ब्रेकचे पॅड बदलणे, ही कामे एकाच माणसाला सारखीच चांगली येतील असे समजण्याचे कारण नाही. म्हणून आधी काम कोणते आहे ते ठरवावे आणि मग माणूस शोधावा. पुष्कळ लोक नेमके याच्या उलट करतात.

पॅड बदलण्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत सोपे समजले जाते आणि सर्वांत जास्त निष्काळजीपणे केले जाते. नव्या पॅडवर घर्षणाच्या पदार्थाचा थर साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो आणि तो तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुष्कळ ठिकाणी हा थर चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून पाहिला जातो आणि "अजून पाच-सहा हजार किलोमीटर चालेल" असे सांगून गाडी परत पाठवली जाते. अडचण अशी की आऱ्यांमधून दिसतो तो फक्त बाहेरच्या बाजूचा पॅड. बहुतेक प्रवासी मोटारींच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे दोन्ही पॅड धरणाऱ्या चिमट्यासारख्या भागात, पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबल्यावर पिस्टन आतला पॅड डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर, दाबतो आणि त्याच्या उलट जोराने सबंध कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून आणतो. या पिनांवरचे रबरी बूट फाटले, आत पाणी गेले आणि पिना गंजून आवळल्या, की कॅलिपर सरकणे बंद होते. मग सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि बाहेरचा नुसता सोबतीला उरतो. समुद्राचा खारा वारा आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस असलेल्या आपल्या प्रदेशात हा प्रकार अपवादाने घडणारा नाही.

साखळीच्या एका शिक्षकांची गाडी अशीच माझ्यासमोर उघडली गेली. त्यांचे बेळगावला वरचेवर जाणे असे, पुढच्या डाव्या चाकातून घरघर येत होती, आणि एका गॅरेजने बाहेरून पाहून पॅड ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. चाक काढून कॅलिपर वर उचलला तेव्हा बाहेरच्या पॅडवर चांगला पाच मिलिमीटर थर शिल्लक होता आणि आतल्या पॅडचा थर पूर्ण संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कच्या आतल्या तोंडावर नख अडकेल इतके खोल चर पडले होते. खालची पिन हाताने फिरेना. ती तेल सोडून, ठोकून काढावी लागली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी तांबूस चिखल होता. त्या जागी फक्त नवे पॅड बसवून गाडी दिली असती, तर नवा आतला पॅडही तितक्याच लवकर संपला असता आणि दोष मात्र पॅडच्या कंपनीला लागला असता. पिना घासून साफ करणे, नवे बूट घालणे आणि रबराला न फुगवणारे, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावणे याला फार वेळ लागत नाही. बेअरिंगच्या डब्यातले साधे ग्रीस तिथे बोटाने फासणारा मेस्त्री दिसला, तर गाडी तिथून हलवलेली बरी.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी, की जो मेस्त्री चाक काढल्याशिवाय मत देत नाही आणि मत देताना दोन्ही पॅड तुमच्या हातात ठेवतो, तो गॅरेजमधला असो वा सर्व्हिस सेंटरमधला, त्याच्याकडे हे काम द्यावे. आमच्या भागात अशी माणसे आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या काळात वर्कशॉपमधल्या कित्येकांनी रस्त्याकडेला शेड घालून स्वतःचे गॅरेज काढले. अवजड ट्रकांच्या ब्रेकवर हात बसलेली ही माणसे आहेत. त्यांच्या दारात काचेचे स्वागतकक्ष नाहीत आणि बिलबुकही पुष्कळदा नसते, जे असायला हवे. पण त्यांच्यापैकी काहींचे काम पाहिले आहे म्हणून सांगतो, साध्या गाडीचे पॅड, लायनर किंवा व्हील सिलिंडर (ड्रममधले लायनर दाबणारा भाग) यांसाठी अशा माणसाकडे जाण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

दुसरी कसोटी मोजमापाची. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते आणि त्याखाली ती झिजली असेल तर बदलण्याला पर्याय नसतो. त्याहून जाड असेल तर केवळ गंज दिसतो म्हणून बदलण्याची गरज नसते. आपल्याकडे पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर येतोच. चार-दोन वेळा ब्रेक दाबल्यावर तो निघून जातो. माझ्या शेजाऱ्यांना एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, ज्याचे नाव मी मुद्दामच घेत नाही, याच गंजाकडे बोट दाखवून "काका, दोन्ही डिस्क गेल्या आहेत" असे सांगण्यात आले. त्यांनी मला फोन केला. मी त्यांना एवढेच सुचवले की व्हर्निअर लावून जाडी मोजायला सांगा आणि तो आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या. कोरलेली किमान जाडी २० मिलिमीटर होती, मोजलेली २१.४ भरली, आणि डिस्कचा विषय तिथेच मिटला. मोजणारा तंत्रज्ञ कामात वाकबगार होता, हे मुद्दाम नमूद करतो. बदलायला सांगणारा सल्लागार त्याच्याशी न बोलताच ग्राहकाशी बोलत होता. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करणारा हात आणि बोलणारे तोंड वेगवेगळे असतात, आणि गाडी देणाऱ्याने शक्य असेल तिथे काम करणाऱ्या हातापर्यंत पोहोचावे असे मला वाटते.

आता ब्रेक ऑइलविषयी, ज्याकडे गोव्यात सर्वाधिक दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नसतो. डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. पणजी ते म्हापसा असा सपाट प्रवास करणाऱ्याला हा फरक कधी कळणारही नाही. पण चोर्ला घाटातून केरीकडे किंवा अनमोडहून मोलेकडे भरलेली गाडी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवली, तर कॅलिपर तापतात, ओले तेल उकळते, नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल तळाला जाते. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा पहिल्यासारखे घट्ट लागते, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेल्यावर "काही दोष नाही" असेच उत्तर मिळते. घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे हा चालकाच्या हातातला उपाय आहे. मेस्त्रीच्या हातातला उपाय म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, जी पुष्कळ गाड्यांसाठी दोन वर्षांच्या जवळपास असते, सर्व तेल काढून नवे भरणे. इथे मेस्त्री पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. तो सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडतो, की फळीवर झाकण अर्धवट लावून ठेवलेल्या डब्यातून ओततो, ते पाहावे. अर्धवट उघड्या डब्यातले तेल बाटलीतच पाणी पिऊन बसलेले असते. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर कोणते तेल घालावे ते छापलेले असते. ते न वाचता हात घालणाऱ्याला थांबवायला संकोच करू नये.

एबीएस असलेल्या गाडीला गॅरेजवाल्याने हातच लावू नये, असा एक समज पसरला आहे. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्यामुळे हा समज खरा मानला तर गॅरेजचा धंदाच बंद व्हावा. वस्तुस्थिती अशी, की नुसते पॅड बदलताना तेलाची नळी सुटत नाही आणि त्यामुळे त्या कामाला सहसा स्कॅनरची (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राची) गरज लागत नाही. मात्र मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब तेलाला देणारा भाग) किंवा एबीएसचे युनिट बदलले आणि युनिटच्या आत हवा अडकली, तर पुष्कळ गाड्यांमध्ये ती नेहमीच्या पद्धतीने पेडल मारून निघत नाही. स्कॅनर जोडून युनिटचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. बटणाच्या पार्किंग ब्रेकचेही तसेच आहे. मागच्या कॅलिपरवरची मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये मागे न घेता पिस्टन शिकंजाने दाबला, तर पॅडच्या किमतीच्या कित्येक पट किमतीचा सुटा भाग मोडतो. या दोन कामांसाठी मी स्वतः सर्व्हिस सेंटर निवडतो, किंवा आपल्या गाडीला चालणारा स्कॅनर ज्याच्याकडे प्रत्यक्ष आहे असे गॅरेज निवडतो. फोनवर "आमच्याकडे सगळ्या गाड्यांचे होते" असे सांगणाऱ्याला गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून पुन्हा विचारावे.

बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल, ही भीतीही सरसकट खरी नाही. पॅड आणि लायनर हे झिजणारे भाग असल्याने त्यांच्या झिजेला सहसा वॉरंटी नसतेच. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याच्या कारणावरून, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही आयोगाने त्याच आदेशात आक्षेप घेतला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. तरीही व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे, की वॉरंटीतील एबीएस युनिट बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघडल्याचे दिसले, तर उत्पादक जबाबदारी झटकणार. म्हणून वॉरंटीच्या काळात पॅडपलीकडचे काम बाहेर करू नये.

व्हिडिओ पाहून घरच्या अंगणात स्वतःच पॅड बदलणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. ज्याला यंत्राची समज आहे, ज्याच्याकडे जॅकखेरीज भक्कम स्टँड आहेत आणि चाकाचे नट किती आवळावेत हे मोजणारा टॉर्क पाना आहे, त्याला मी अडवणार नाही. पण पाणी मुरलेल्या लाल मातीच्या अंगणात, गाडीसोबत आलेल्या एकट्या जॅकवर गाडी उचलून खाली हात घालणे हा शुद्ध अविचार आहे. शिवाय पिस्टन मागे दाबल्यानंतर पहिल्या एक-दोन दाबांना पेडल तळाला जाते, ही गोष्ट ठाऊक नसणाऱ्याने उतारावरच्या फाटकातून गाडी बाहेर काढली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

सुट्या भागांच्या बाबतीत मेस्त्रीवर सगळा भार टाकू नये. पॅड अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावेत, एका चाकाचे न बदलता त्या आसावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. जुने भाग देताना जो खळखळ करतो, त्याने ते बदललेच असतील याची खात्री मला वाटत नाही. एक गोष्ट इथेच नोंदवतो, जरी ती ग्राहकाच्या नव्हे तर कामगाराच्या भल्याची आहे. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवण्याची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास आहे. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ती श्वासात घेणारा बहुधा हाताखालचा अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायला सांगणे आपल्याला अवघड नाही.

गाडी ताब्यात घेताना पेडल दाबून पाहावे, ते स्पंजासारखे लागले तर गाडी तिथेच ठेवावी. मेस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारावी आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरते का, ते पाहावे. हँडब्रेक मात्र चढावरच तपासावा. पणजीतला आल्तिनोचा चढ त्यासाठी पुरेसा आहे. दिवाडी किंवा चोडणच्या फेरीबोटीत रोज गाडी घालणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने करावे, कारण मागच्या ड्रममधील लायनर बदलल्यावर केबलचा ताण नीट न जुळवल्यास सपाट जागी धरलेला हँडब्रेक धक्क्याच्या उतारावर सुटू शकतो. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर, प्रसंग आला नाही तर, जोरात ब्रेक मारू नयेत आणि घाटाचा बेत त्यानंतर करावा.

काम बिघडले आणि दाद मिळेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र हातात बिल नसेल तर तक्रार उभी राहणे कठीण जाते. रोखीने, कागदाशिवाय चाललेल्या आपल्या गॅरेजांच्या व्यवहारात ग्राहकही तितकाच सामील असतो, कारण कर वाचतो.

शेवटी सरकारसाठी एक सूचना आपल्या दैनिकामार्फत करतो. राज्यातील ज्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, तिथे मे महिन्यात आणि पुन्हा चतुर्थीच्या आधी काही दिवस खासगी गाड्यांच्या ब्रेकची केवळ तपासणी करून द्यावी. दुरुस्ती करू नये, म्हणजे कोणाच्या धंद्यावर गदा येणार नाही. चारही चाके काढून पॅडची आतली-बाहेरची जाडी, डिस्कची जाडी, तेलातील पाण्याचे प्रमाण आणि पिनांची स्थिती एका छापील कागदावर लिहून मालकाच्या हाती द्यावी आणि माफक शुल्क घ्यावे. तो कागद घेऊन मालकाने हव्या त्या मेस्त्रीकडे जावे. प्रशिक्षणार्थींना निरनिराळ्या गाड्यांवर हात चालवायला मिळेल, आणि गॅरेजवाला असो वा सर्व्हिस सल्लागार, त्याला गाडीमालकाशी आकड्यांत बोलावे लागेल. कौशल्य विकास आणि वाहतूक या दोन्ही खात्यांनी यंदाच्या चतुर्थीपूर्वी निदान एका तालुक्यात याचा प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, डिचोली